पडीक स्पेक्ट्रमची किंमत कोण मोजतं?

26 जून 2024 रोजी केंद्र सरकारचा स्पेक्ट्रम लिलाव दुसऱ्याच दिवशी आटोपला. राखीव किमतीने 96,238 कोटी रुपयांचा स्पेक्ट्रम विक्रीला काढला होता. सरकारच्या पदरात पडले सुमारे 11,341 कोटी. त्यानंतरच्या दोन दिवसांत जिओ, एअरटेल आणि व्होडाफोन आयडिया या तिन्ही खासगी कंपन्यांनी एकामागोमाग एक दरवाढ जाहीर केली. पहिल्या बातमीवर ‘लिलावाला थंड प्रतिसाद’ एवढाच शेरा पडला आणि दुसरीवर ‘कंपन्यांची लूट’. लिलाव संपला म्हणून दुसऱ्या दिवशी दर वाढले, असं मी म्हणत नाही. पण या दोन्ही बातम्यांचं मूळ एकाच धोरणात आहे. गेली पंधरा वर्षं सरकारने स्पेक्ट्रमकडे तिजोरी भरण्याचं साधन म्हणून पाहिलं. त्यात अमोल स्पेक्ट्रम वर्षानुवर्षं पडून राहिला, कर्जात बुडालेल्या कंपन्या एकेक करून मैदानाबाहेर गेल्या आणि उरलेल्यांना दर वाढवायला मोकळं रान मिळालं. सरकारने आगाऊ घेतलेल्या पैशाची वसुली आता रिचार्जमधून होते आहे.

याचा सर्वांत बोलका पुरावा म्हणजे 700 मेगाहर्ट्झचा पट्टा. मोबाइलसाठी वापरल्या जाणाऱ्या पट्ट्यांत साधारण नियम असा, की वारंवारिता जितकी कमी तितकी लहर लांब जाते आणि भिंतीतून आत शिरते. फाइव्ह-जीचा मुख्य पट्टा 3300 मेगाहर्ट्झच्या पुढचा आहे. त्यातून प्रचंड वेग मिळतो, पण टॉवर जवळजवळ उभारावे लागतात, म्हणून तो शहरात परवडतो. विरळ वस्तीच्या भागात कमी टॉवरमध्ये जास्त मुलूख व्यापायचा तर 700 सारखा पट्टाच हवा. सह्याद्रीच्या कुशीतल्या वाड्या, मेळघाट, धडगाव-अक्कलकुव्याचे पाडे हा सगळा त्याच्याच कामाचा प्रदेश. ऑक्टोबर 2016 च्या लिलावात हा पट्टा प्रथमच विक्रीला आला. राखीव किंमत होती देशभरासाठी दर मेगाहर्ट्झला 11,485 कोटी रुपये. एकाही कंपनीने बोली लावली नाही. त्या लिलावात एकूण 5 लाख 63 हजार कोटींचा माल मांडला होता आणि विक्री झाली साधारण 65,800 कोटींची. मार्च 2021 मध्ये 700 ची किंमत 6,568 कोटींवर आणली, तरी गिऱ्हाईक नाही. शेवटी 2022 च्या लिलावात ती 3,927 कोटी केली, म्हणजे मूळ किमतीच्या जेमतेम एक तृतीयांश, तेव्हा एकट्या जिओने देशभरासाठी 10 मेगाहर्ट्झ उचलले. मधली सहा वर्षं हा पट्टा कोणत्याच मोबाइल कंपनीच्या उपयोगी पडला नाही. 2016 मध्ये निम्म्या किमतीतही तो घेऊ शकतील असे अनेक जण बाजारात होते. 2022 मध्ये घेणारा एकच उरला होता.

जमीन पडीक ठेवली तरी जमीन राहते, पुढे विकता येते. स्पेक्ट्रमचं तसं नाही. तो रिकाम्या धावलेल्या एसटीतल्या सीटसारखा आहे. आज कोणी बसलं नाही तर आजचं भाडं कायमचं बुडालं. हे दूरसंचार खात्यातल्या अधिकाऱ्यांना कळत नाही असं मानायचं कारण नाही. त्यांची अडचण वेगळी आहे. 2010 मध्ये महालेखापरीक्षकांनी टू-जी वाटपातल्या संभाव्य नुकसानीचा कमाल अंदाज 1 लाख 76 हजार कोटी रुपये मांडला आणि तो आकडा देशाच्या राजकारणात घर करून बसला. तेव्हापासून ‘स्वस्तात दिला’ या आरोपाचं भय नोकरशाहीच्या मानगुटीवर आहे. स्पेक्ट्रम कमी किमतीत विकला तर फाइलवर सही करणाऱ्याला चौकशीला तोंड द्यावं लागू शकतं. न विकता पडून राहिला तर कोणालाच जाब द्यावा लागत नाही. न विकलेल्या स्पेक्ट्रममुळे किती गावं रेंजविना राहिली, याचा हिशेब कोणत्याही लेखापरीक्षणात मांडला जात नाही.

हा धडा आपल्याला पूर्वीही मिळाला होता. 1995 च्या सुमारास पहिले मोबाइल परवाने दिले गेले ते ठरावीक वार्षिक शुल्काच्या बोलीवर. कंपन्यांनी डोळे झाकून आकडे भरले, ग्राहक अपेक्षेइतके मिळाले नाहीत आणि हप्ते थकले. तेव्हा 1999 च्या नव्या दूरसंचार धोरणाने ठरावीक शुल्क काढून महसुलातला वाटा घेण्याची पद्धत आणली. धंदा वाढला तर सरकारचाही वाटा वाढेल, असा तो समंजस तोडगा होता. पुढच्या दशकात मोबाइल घरोघरी पोहोचला त्यामागे या बदलाचा मोठा हात आहे. पण ‘महसूल’ कशाला म्हणायचं हा वाद शिल्लक राहिला. कंपन्या म्हणत, दूरसंचार सेवेतून मिळतं तेवढंच मोजा. सरकार म्हणे, व्याज, लाभांश, भाडं, सगळंच धरा. सोळा वर्षं कोर्टकज्जा चालला आणि 24 ऑक्टोबर 2019 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सरकारच्या बाजूने कौल दिला. करारावर कंपन्यांनीच सह्या केल्या होत्या, तेव्हा निकालाला नाक मुरडण्यात अर्थ नाही. परंतु मागणी कशी फुगली ते पाहण्यासारखं आहे. सरकारने न्यायालयात दिलेल्या हिशेबानुसार परवाना शुल्काची थकबाकी सुमारे 92,640 कोटी होती. त्यात मुद्दल 23,189 कोटी, व्याज 41,650 कोटी, दंड 10,923 कोटी आणि दंडावरचं व्याज 16,878 कोटी. म्हणजे रुपयातले पंचवीस पैसे मूळ देण्याचे आणि उरलेले पंचाहत्तर व्याजदंडाचे. पुढे सप्टेंबर 2021 मध्ये सरकारनेच व्याख्या बदलून बिगर-दूरसंचार उत्पन्न वगळलं, पण ते पुढच्या काळापुरतं. आधीची व्याख्या धंद्याला मारक होती, याची ही कबुलीच होती. फक्त मागचा बोजा आहे तिथेच राहिला.

तो बोजा सगळ्यांना सारखा जाचला नाही. जिओ 2016 मध्ये आलेली, तिची मागची बाकी नगण्य. एअरटेलने भागभांडवल उभारून तग धरला. टाटा आधीच बाहेर पडल्या होत्या; एअरसेल आणि रिलायन्स कम्युनिकेशन्स दिवाळखोरीत गेल्या होत्या; टेलिनॉर एअरटेलमध्ये विलीन झाली होती. व्होडाफोन आणि आयडिया एकत्र आल्या तेव्हा, ऑगस्ट 2018 मध्ये, त्यांचे मिळून 40 कोटींवर ग्राहक होते आणि ती देशातली सर्वांत मोठी कंपनी होती. 2025 पर्यंत ते 20 कोटींच्या आसपास आले. आयडियाचा उगम आपल्याच महाराष्ट्र आणि गुजरात सर्कलमधला, त्यामुळे इथल्या बऱ्याच जुन्या ग्राहकांनी ही घसरण हातातल्या फोनवरच अनुभवली. कंपनीला देणं भागवता येईना, तेव्हा सरकारने 2023 मध्ये 16,133 कोटींच्या व्याजाचे आणि एप्रिल 2025 मध्ये स्पेक्ट्रमच्या थकबाकीपोटी 36,950 कोटींचे शेअर घेतले. त्यातून सरकारचा हिस्सा जवळपास 49 टक्क्यांवर गेला. आज सरकार स्पेक्ट्रमचं विक्रेतं आहे, परवाना देणारं आहे, एका कंपनीचं सर्वांत मोठं भागधारक आणि सावकार आहे, आणि बीएसएनएलचं मालकही आहे. इतक्या भूमिका एकाच हाती असल्यावर त्या बाजारातल्या कुठल्याही निर्णयाकडे निखळ धोरण म्हणून पाहणं कठीण होतं.

ग्राहकाच्या बाजूने याचा परिणाम मोजायचा तर दरवाढींचा क्रम पाहावा. डिसेंबर 2019, नोव्हेंबर 2021, जुलै 2024. तिन्ही वेळा खासगी कंपन्यांनी काही दिवसांच्या अंतराने, जवळपास सारख्या प्रमाणात दर वाढवले. यात संगनमत झालं असा पुरावा नाही आणि त्याची गरजही नाही. दोन सशक्त आणि एक आजारी अशी रचना असली की एकाने पाऊल टाकलं की दुसरा आपोआप मागे येतो. खरी झळ बसली ती तळच्या ग्राहकाला. फोन फक्त बोलण्यासाठी वापरणाऱ्याला एअरटेलवर 28 दिवसांसाठी 179 रुपये पडत, ते जुलै 2024 पासून 199 झाले. जिओचा 155 चा पॅक 189 झाला. महिना 28 दिवसांचा धरल्यामुळे वर्षाला बाराऐवजी तेरा रिचार्ज मारावे लागतात. दूरसंचार नियामक ट्रायने 2022 मध्ये 30 दिवसांचा किमान एक पॅक ठेवायला लावला, तरी दुकानातल्या दरफलकावर 28 चाच बोलबाला आहे. डेटा नको असणाऱ्यांसाठी फक्त कॉल आणि एसएमएसचे पॅक ठेवा, हे सांगण्यासाठीही डिसेंबर 2024 मध्ये नियामकाला नियम करावा लागला. स्पर्धा जिवंत असती तर इतक्या मोठ्या गिऱ्हाइकासाठी कंपन्या आपणहून धावल्या असत्या.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा, की लिलाव सोडला तर पुन्हा 2008 चा कारभार येईल. तेव्हा देशव्यापी परवाना 2001 च्या किमतीत, 1,658 कोटींना, ‘प्रथम येणाऱ्यास प्राधान्य’ म्हणत वाटला गेला आणि सर्वोच्च न्यायालयाला 2 फेब्रुवारी 2012 रोजी 122 परवाने रद्द करावे लागले. आक्षेप रास्त आहे, पण तो इथे लागू होत नाही. लिलाव असायलाच हवा. प्रश्न राखीव किमतीचा आहे. बोली कुठून सुरू होते यावर पारदर्शकता ठरत नाही. ती खुल्या बोलीने आणि सर्वांना सारख्या अटींनी येते. राखीव किंमत कमी ठेवली आणि घेणारे चार असले, तर बाजार स्वतःच योग्य आकडा गाठतो. ती आभाळाला भिडवली की लिलाव नावापुरता उरतो आणि सरकारच दर ठरवून बसतं. त्याच वर्षी राष्ट्रपतींच्या विचारणेला उत्तर देताना न्यायालयाने हेही सांगितलं होतं, की नैसर्गिक संपत्तीच्या वाटपात जास्तीत जास्त महसूल हा एकमेव घटनात्मक निकष नाही. या अर्ध्या भागाची आठवण फार थोड्यांना आहे.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. कंपन्या आपल्या कर्माने बुडाल्या, जिओच्या फुकट डेटाने त्यांचं कंबरडं मोडलं, आणि त्याच युद्धामुळे भारतात डेटा जगातल्या सर्वांत स्वस्तांपैकी आहे. मग रडायचं कशाला? यातली वस्तुस्थिती खरी आहे. 2010 च्या थ्री-जी लिलावात कंपन्यांनीच 67,719 कोटींपर्यंत बोली नेली, कोणी बंदूक रोखली नव्हती. पण स्पेक्ट्रम हा या धंद्याचा कच्चा माल आहे आणि तो विकणारा एकच. तो घेतला नाही तर दुकानच बंद. राहिला स्वस्त डेटाचा मुद्दा. जीबीचा भाव स्वस्त आहे, हे महिन्याला पन्नास जीबी वापरणाऱ्याच्या बाबतीत खरं. ज्याला फक्त घरच्यांचा फोन यायला हवा, त्याच्यासाठी दारात शिरायचं तिकीटच महाग झालं आहे. शिवाय किंमतयुद्धातून मिळालेली स्वस्ताई टिकण्यासाठी मैदानात पुरेसे खेळाडू उरावे लागतात, आणि नेमका तिथेच घात झाला.

तिसरा आक्षेप अर्थशास्त्रातला: हा धंदाच इतका भांडवली आहे की शेवटी दोन-तीनच कंपन्या टिकतात, अमेरिकेतही तीनच मोठ्या आहेत. मान्य करू. मग निदान त्या वास्तवाला शोभेल असं नियमन तरी हवं. ट्रायने दर ठरवण्याचं काम बाजारावर सोडलं ते अनेक कंपन्या एकमेकींचे गळे कापत होत्या त्या काळात. आता स्पर्धा आटली असेल तर तळच्या ग्राहकाच्या पॅकवर नियामकाची नजर हवी. स्पर्धाही नाही आणि नियमनही नाही, ही दोन्हीकडची सवलत कंपन्यांना देण्याचं कारण नाही.

मग करायचं काय? राखीव किंमत मोकळेपणाने खाली आणावी आणि तिच्या बदल्यात पैशाऐवजी व्याप्ती मागावी: तालुकानिहाय, मुदतीसह, न पाळल्यास स्पेक्ट्रम परत घेण्याच्या अटीवर. महसुलावरचं आठ टक्के परवाना शुल्क कमी करावं. त्यातले पाच टक्के ज्या ग्रामीण निधीसाठी घेतले जातात, तो आजचा डिजिटल भारत निधी, त्यात वर्षानुवर्षं मोठी रक्कम खर्चाविना पडून राहिली आहे. सरकारी निधीतून उभ्या राहिलेल्या टॉवरवर कुठल्याही कंपनीचं सिम चालावं ही सोय जानेवारी 2025 मध्ये सुरू झाली; तीच अट दुर्गम भागातल्या प्रत्येक टॉवरला लावता येईल. आणि व्होडाफोन आयडियातला हिस्सा कधी, कसा विकणार याचं वेळापत्रक सरकारने जाहीर करावं. तिजोरीचं काय, असं अर्थखातं विचारेल. प्रत्येक रिचार्जवर 18 टक्के जीएसटी आहेच. वापर वाढला की तो वाढतो. एकरकमी बोलीच्या आकड्याने मथळे होतात, पण रोजच्या वापरातून येणारा कर मुकाट्याने वर्षानुवर्षं येत राहतो.

पुढचा लिलाव जाहीर होईल तेव्हा किती लाख कोटी येणार याची चर्चा पुन्हा रंगेल. वाचकांनी त्या वेळी दोन गोष्टी तपासाव्यात: राखीव किंमत मागच्या वेळी न विकल्या गेलेल्या भावापेक्षा किती खाली आली, आणि निविदेत किती तालुक्यांची नावं आहेत. ही दोन्ही उत्तरं असमाधानकारक निघाली, तर पुढच्या दरवाढीची तयारी ठेवावी आणि तिचा दोष एकट्या कंपन्यांच्या माथी मारू नये.