पन्नास बायका हव्यात!

जून उजाडला की बीडच्या आमच्या कार्यालयात फोन सुरू होतात. "मॅडम, शेवटच्या वर्षाचा प्रकल्प आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या पन्नास बायका हव्यात. दोन दिवसांत होईल ना?" बायका हव्यात! जणू दुकानात खडूचे खोके मागताहेत. समाजकार्यवाले, अर्थशास्त्रवाले, गृहविज्ञानवाले, आता अभियांत्रिकीवालेही. कुणाला बाईचं हिमोग्लोबिन मोजायचं असतं, कुणाला डोक्यावरच्या मोळीचं वजन, कुणाला उचलीची रक्कम.

मीही त्यातलीच. एम.एस.डब्ल्यू.च्या वर्षी चाळीस जणींच्या प्रश्नावल्या भरल्या. पाळीत फडावर काय करता, नवरा मारतो का, पिशवी कुणी काढायला सांगितली, सगळं विचारलं. संमतीपत्रावर अंगठे घेतले. खरी परवानगी मुकादमाची घेतली होती, हे लघुप्रबंधात कुठेच नाही. काळ्या रेक्झिनची बांधणी, सोनेरी अक्षरं. पुढे कामानिमित्त त्याच वस्तीवर गेले तेव्हा एका आजीने ओळखलं. "त्या कागदाचं काय झालं गं, बाई?" मी पास झाले होते. दुसरं काय सांगणार?

म्हणून मोजणीच नको, असं मी म्हणत नाही. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांतल्या ६५० बायका तपासल्या. त्यांतल्या ९२ टक्के जणींना स्त्रीरोग असल्याचं १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि नसबंदी, ही समजूत त्याने हलली. पण मोजणारे तिथेच राहत होते, आजही राहतात. आमच्या जिल्ह्यात २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीपुढे ८२,३०९ ऊसतोड बायकांच्या पाहणीतून १३,८६१ जणींची पिशवी काढल्याचं आलं. म्हणजे साधारण सहातली एक. बायका हे वर्षानुवर्षं सांगत होत्या; आकडा आल्यावर ते ऐकू आलं.

भांडण मुलामुलींशी नाही, त्यांच्या गाईडशी आणि महाविद्यालयांशी आहे. सत्र संपत आलं की विषय ठरतो, मग घाईने गाव शोधायचं. मुंबईच्या 'सेहत'ने पुढाकार घेऊन आरोग्यविषयक सामाजिक संशोधनाची नैतिक तत्त्वं २००० साली प्रसिद्ध केली. पाव शतक झालं. किती गाईडांनी ती उघडली?

अभियांत्रिकीच्या एका गटाने मोळी वाहायची चाकाची गाडी केली, प्रदर्शनात बक्षीसही मिळवलं. फडावर ती कधी आलीच नाही. डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढावं लागतं, तिथे चाक काय करणार? कोणत्याही बाईने हे फुकट सांगितलं असतं.

आता आमच्या अटी आहेत. जेवढा वेळ घ्याल तेवढी मजुरी द्या. अंगावरून जातंय असं कुणी सांगितलं तर नुसतं लिहून घेऊन निघायचं नाही, तिच्याबरोबर दवाखान्यात जायचं. आणि सादर करण्याआधी सगळं मराठीत वस्तीवर वाचून दाखवायचं. दोन महाविद्यालयांनी त्यानंतर फोन केला नाही. बरंच झालं.

एक मुलगी मात्र आली. देवळापुढे तिने प्रकरण वाचलं: 'कुटुंबाच्या संमतीने शस्त्रक्रिया.' बायका हसायलाच लागल्या. संमती कसली? डॉक्टरने कॅन्सरची भीती घातली होती, आणि कामावर खाडा पडला तर मुकादम पैसे कापणार होता. प्रकरण पुन्हा लिहावं लागलं, सादर करायची तारीख चुकली, गाईडनी तिचे गुण कापले.

त्या गाईडना आम्ही वस्तीवर बोलावलं आहे, दसऱ्याच्या आत. नंतर गावात कुणी नसतं. मैत्रिणींनो, तुमच्याकडे असे प्रकल्प येत असतील तर कोणत्या अटी घालता, ते पुढच्या अंकासाठी जरूर लिहा.