पुस्तकें खपतात कोठें?

मुंबई-पुण्यांत एखादें जुनें पुस्तकांचें दुकान बंद पडलें कीं आमच्या सुशिक्षित वर्गांत मोठी हळहळ सुरू होते, आणि ती ओसरण्यापूर्वींच 'मराठी माणसानें वाचन सोडलें' असा निकालही देऊन टाकण्यांत येतो. १९४८ सालीं निघालेलें फोर्टमधील स्ट्रँड बुक स्टॉल २०१८ च्या फेब्रुवारींत बंद झालें, तेव्हांही हेंच ऐकूं आलें. अशा दुकानाबद्दल हळहळ वाटणें योग्यच आहे. तीविषयीं आमची तक्रार नाहीं. तक्रार आहे ती या निकालाविषयीं, कारण तो देणारांनीं निम्मे साक्षीदार तपासलेलेच नसतात.

हे साक्षीदार ज्यांस पाहावयाचे असतील त्यांनीं डिसेंबरच्या ५ व ६ तारखांस दादरला शिवाजी पार्कावर जावें, किंवा अशोक विजयादशमीस नागपुरास दीक्षाभूमीवर. १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं लाखों अनुयायांसह नागपुरांत धम्मदीक्षा घेतली. ६ डिसेंबरला दिल्लींत त्यांचें महापरिनिर्वाण झालें, आणि दुसऱ्या दिवशीं दादरच्या समुद्रकिनाऱ्यावर त्यांच्या देहास अग्नि देण्यांत आला. या दोन स्थळीं लोटणाऱ्या समुदायासाठीं पुस्तकांचा जो बाजार भरतो, त्यांतील विक्रेत्याच्या पाठीशीं कोणी मोठी कंपनी उभी नसते. त्याचें दुकान म्हणजे चार बांबू, एक ताडपत्री आणि चादर अंथरलेलें टेबल. माल पुष्कळदां उधारीचा. खपला तर ठीक, नाहींतर गठ्ठे बांधून पुन्हां गाडींत चढवावयाचे. २०२० सालीं महामारीमुळें घरूनच अभिवादन करावें अशी विनंती शासनानें केली, लोकांनीं ती मानली, आणि या लोकांचा वर्षाचा हंगाम बुडाला. पुस्तकांच्या दुकानांसाठीं अश्रू ढाळणारांपैकीं कोणास त्यांची आठवण झाल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं.

आतां तेथें खपतें काय? तसबिरी खपतात, दिनदर्शिका खपतात, भीमगीतांच्या चोपड्या खपतात. जत्रेंत जें खपावयाचें तें सर्व तेथेंही खपतें. परंतु त्यांच्या शेजारींच भारताचें संविधान असतें, 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' असतो, जोतीरावांची १८७३ सालची 'गुलामगिरी' असते आणि 'शेतकऱ्याचा असूड' असतो. स्पर्धापरीक्षांचीं मार्गदर्शकेंही असतात, आणि त्यांत नाक मुरडण्याजोगें कांहीं नाहीं. ज्याला नोकरी मिळवावयाची आहे त्यानें परीक्षेचें पुस्तक घेऊं नये तर काय घ्यावें? हीं हलकीफुलकीं पुस्तकें नव्हेत. 'गुलामगिरी' संवादरूप असली तरी तिची भाषा दीडशें वर्षांपूर्वींची आहे; संविधान तर वकिलांसही जड जातें. तीं विकत घेणारा मनुष्य बहुधा रात्रभर गर्दीच्या गाडींतून आलेला असतो, आणि पुस्तकावर घालविलेला रुपया त्याला कोठेंतरी दुसरीकडे वांचवावा लागतो. स्वतः अक्षरओळख नसलेली आजी नातवासाठीं पुस्तक निवडतांना विक्रेत्यास चार प्रश्न विचारते. हा वाचक नव्हे तर कोण?

हीं सर्व पुस्तकें घरीं जाऊन वाचलीं जातातच असें आम्ही म्हणत नाहीं. कांहीं तसबिरीखालीं ठेवून पुजलीं जात असतील, आणि ज्या महापुरुषानें विभूतिपूजेविरुद्ध आयुष्यभर कानकोंडें न होतां सांगितलें त्याच्या ग्रंथांस हें शोभत नाहीं. परंतु हा दोष कांचेच्या कपाटांत कातडी बांधणीचे संच मांडून ठेवणाऱ्या दिवाणखान्यांनीं काढावा, ही मात्र थोडी मौज आहे.

या मांडणीवरील एका पुस्तकाची हकीकत मुद्दाम सांगण्यासारखी आहे. लाहोरच्या जातपाततोडक मंडळानें आपल्या १९३६ सालच्या वार्षिक परिषदेच्या अध्यक्षपदासाठीं आंबेडकरांस बोलाविलें. भाषणाचा मसुदा हातीं येतांच चालक बिचकले. कांहीं भाग गाळण्याचा आग्रह झाला. आंबेडकरांनीं स्वल्पविरामही बदलण्यास नकार दिला आणि परिषद बारगळली. न झालेलें तें भाषण त्यांनीं स्वतःच्या खर्चानें छापून काढलें. पंधराशें प्रतींची ती इंग्रजी आवृत्ति दोन महिन्यांत संपली. दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेंत हें नमूद करतांना आंबेडकरांनीं म्हटलें आहे कीं, हें भाषण मुख्यतः हिंदूंसाठीं होतें आणि त्यांच्याकडून त्याचें चांगलेंच स्वागत झालें. आज तेंच पुस्तक शिवाजी पार्कावर घेतो कोण? ज्याला जातिभेदाचे चटके त्यांतून शिकावयाचे नाहींत, तो. आणि ज्यांना उद्देशून तें लिहिलें त्यांच्या वस्तींतील दुकानांत तें मागच्या फळीवर सांपडलें तर सांपडतें. आमच्या वाचकांपैकीं कितीजणांच्या घरीं तें आहे, हा प्रश्न आम्ही विचारीत आहों तो उत्तर ठाऊक नाहीं म्हणून नव्हे.

इतकी मागणी असतां पुरवठ्याची काय कथा? आंबेडकरांचें समग्र लेखन प्रसिद्ध करण्याचें काम महाराष्ट्र शासनानें अंगावर घेतलें आणि वसंत मून यांच्या संपादकत्वाखालीं पहिला खंड १९७९ सालीं निघाला. त्या कामाचें श्रेय शासनास दिलेंच पाहिजे. पुढें चौथ्या खंडांतील राम-कृष्णांवरील परिशिष्टाविषयीं वाद माजला, तेव्हां तो मजकूर गाळला जाऊं नये म्हणून १९८८ च्या आरंभीं मुंबईंत प्रचंड मोर्चा निघाला, आणि शासन या मतांशीं सहमत नाहीं अशी टीप जोडून तो मजकूर कायम राहिला. पुस्तकांतील एका प्रकरणासाठीं लाखों माणसें रस्त्यावर उतरल्याचें दुसरें उदाहरण महाराष्ट्रांत कोणी दाखवावें! आणि अशा वाचकवर्गास शासनानें पुढें काय दिलें? खंडांच्या नऊ लाख प्रती छापण्याचें ठरवून, पांच कोटींवर रुपयांचा कागद घेऊन, चार वर्षांत अवघ्या ३३,००० प्रती छापल्याचें वृत्त २०२१ च्या नोव्हेंबरांत प्रसिद्ध झालें. मुंबई उच्च न्यायालयानें त्याची आपण होऊन दखल घेतली, तेव्हां सरकारी यंत्रणेस जाग आली. ज्या मालास गिऱ्हाईक रांग लावून उभें आहे तो माल तयार करावयास न्यायाधीशांनीं हुकूम करावा लागणें, हें कोणत्याही साध्या वाण्यास लाज आणणारें आहे.

शासनाची ही जागा खासगी प्रकाशकांनीं कांहीं अंशीं भरून काढली. आंबेडकरांच्या हयातींत प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांवरील स्वामित्वहक्क २०१६ अखेर संपला, त्यामुळें ते छापावयास आतां कोणाची परवानगी लागत नाहीं. हें इष्टच झालें. पण या मोकळिकीबरोबर अशाही आवृत्त्या निघतात कीं ज्यांत तळटीपा गळालेल्या, भाषांतरकाराचें नांव नाहीं, आणि मुद्रणदोषांनीं वाक्याचा अर्थ उलटा झालेला. गरीब गिऱ्हाइकास स्वस्त प्रत मिळावी हें खरें. चुकीची मिळावी असें नव्हे.

यास उपाय आहे आणि तो सोपा आहे. मूळ खंडांची व त्यांच्या प्रमाण मराठी भाषांतरांची छपाई दसऱ्यापूर्वीं पुरी झाली पाहिजे, नागपूरची गर्दी ओसरल्यावर नव्हे. दुसरें असें कीं, या प्रती केवळ सरकारी ग्रंथागाराच्या खिडकीवरून न विकतां, ताडपत्रीखालील विक्रेत्यांस रास्त कमिशनानें आणि न खपलेल्या प्रती परत घेण्याच्या बोलीवर द्याव्या. पैशाची जोखीम उचलणें शासनास जड नाहीं. त्या विक्रेत्यास जड आहे. खंडांची कोणती संख्या कोठें उपलब्ध होईल तें शिक्षणखात्यानें प्रत्येक वर्षीं सप्टेंबरांतच जाहीर करावें, म्हणजे मागणी कोणास कळवावयाची तें लातूरच्या किंवा भंडाऱ्याच्या विक्रेत्यास आधींच समजेल.