एका ताऱ्याचे न्यायासन

'मिस मार्व्हल' या अमेरिकन मालिकेचा पहिला भाग ८ जून २०२२ रोजी डिस्ने प्लस या सेवेवरून प्रक्षेपित झाला. मालिका सहा भागांची, दर बुधवारी एक भाग, शेवटचा भाग १३ जुलैला. म्हणजे जून महिन्याच्या त्या दुसऱ्या आठवड्यात सामान्य प्रेक्षकापुढे कथेचा केवळ एक षष्ठांश हिस्सा आलेला होता. तरीसुद्धा आयएमडीबी या चित्रपट-कोशावर, जेथे कोणीही एकपासून दहापर्यंत तारे देऊ शकतो, तेथे एका ताऱ्याच्या मतांची रीघ लागली. एक तारा म्हणजे त्या मोजपट्टीवरील नीचतम शिक्षा. फाशीच म्हणा ना! आणि ही शिक्षा फर्मावणाऱ्यांपैकी पुष्कळांनी आपल्या लेखी शेऱ्यांत आरोपीचा गुन्हाही नोंदवून ठेवला होता: नायिका मुलगी आहे, तिचे आईवडील पाकिस्तानातून आलेले आहेत आणि ती मुसलमान आहे.

वाचकहो, एका परदेशी पोरखेळाविषयी आपल्या त्रैमासिकात एवढी शाई का खर्च करावी, असा प्रश्न आपल्या मनात येईल. आमच्या एका सुविद्य गृहस्थांनी तो मला विचारलाही. "फादर, त्यांची मालिका, त्यांचे भांडण; आपले काय जाते त्यात?" आपले बरेच काही जाते, असे माझे मत आहे. ते का, हे सांगण्याआधी ज्या वस्तूला न पाहता शिक्षा झाली ती वस्तू काय आहे, हे तरी पाहिले पाहिजे.

कमला खान ही न्यू जर्सी राज्यातील जर्सी सिटी येथे राहणारी सोळा वर्षांची शाळकरी मुलगी. कथापुस्तकांच्या वाचकांना ती २०१३ पासून ठाऊक आहे. २०१४ मध्ये तिचे स्वतंत्र मासिक सुरू झाले, लेखिका जी. विलो विल्सन, संपादिका सना अमानत, चित्रकार एड्रियन अल्फोना. पहिल्या खंडाला २०१५ साली ह्यूगो पुरस्कार मिळाला. पडद्यावर कमलाची भूमिका इमान वेल्लानी या कराचीत जन्मलेल्या आणि कॅनडात वाढलेल्या मुलीने केली. ही तिची पहिलीच भूमिका. आई झालेल्या झेनोबिया श्रॉफ आणि वडील झालेले मोहन कपूर ही दोघेही आपल्या मुंबईची माणसे.

आता या घरात काय घडते? मुलीला एका मेळाव्याला जायचे आहे, आई नको म्हणते. वडील मधल्यामध्ये सापडतात. थोरला भाऊ सर्वांत धार्मिक, त्याचे लग्न ठरलेले. आईच्या मनात एकच भीती, की परक्या देशात मुलगी हातातून निसटेल. वसईतून किंवा गोव्यातून टोरांटोला, लंडनला, दुबईला गेलेल्या आपल्या कोणत्या कुटुंबात हे नाटक झालेले नाही? कमलाची मैत्रीण नाकिया हिजाब घेते आणि मशिदीच्या कार्यकारी मंडळाची निवडणूक लढवते. कारण स्त्रियांच्या बाजूची जागा दुर्लक्षित आहे आणि दाराशी काढलेले बूट चोरीला जातात! धर्मस्थळातील कारभाराचे इतके घरगुती आणि खरे चित्र पडद्यावर मी क्वचितच पाहिले आहे. आपल्या धर्मग्राम परिषदेच्या बैठकींना बसणाऱ्या कोणालाही त्या दृश्यात हसू आल्यावाचून राहणार नाही.

पाचव्या भागात कथा १९४७ सालच्या फाळणीत जाते. कराचीस निघालेली गाडी, फलाटावरची ती अफाट गर्दी, बापापासून हरवलेली एक तान्ही पोर. अमेरिकन सुपरहिरोंच्या दुनियेत हे प्रथमच आले. चौथा आणि पाचवा भाग पाकिस्तानच्या शर्मीन ओबेद-चिनॉय यांनी दिग्दर्शित केलेला आहे. आपला फरहान अख्तर आणि तिकडचा फवाद खान, दोघांनीही या मालिकेत काम केले. सीमेच्या दोन्ही बाजूंचे कलावंत एका कथेत एकत्र येण्याचे प्रसंग आज किती उरले आहेत?

मी काही या मालिकेची वकिली करायला उभा नाही. तिच्यात दोष आहेत आणि ते ठळक आहेत. कथापुस्तकातील कमला आपले शरीर हवे तसे ताणू आणि फुगवू शकते. पौगंडावस्थेतील मुलीला आपले अंग परके वाटते, त्या अनुभवाचे ते चपखल रूपक होते. मालिकेने ते टाकले आणि पणजीच्या कड्यातून निघणाऱ्या प्रकाशाचे घन आकार तिच्या हाती दिले. जुन्या वाचकांनी यावर राग धरला तो रास्त होता. खलपात्रे तर इतकी घाईने उभी केली आहेत, की त्यांना काय हवे आहे हे कळेपर्यंत ती संपतातही. जिन्नांच्या कल्पनेचा असा उपयोग करावा का, अशी कुरकुर मुसलमान प्रेक्षकांतूनही झाली. अमेरिकेत सुरुवातीचा प्रेक्षकवर्ग मार्व्हलच्या आधीच्या मालिकांहून लहान होता, हेही खरे आहे. ही सगळी टीका पाहणाऱ्यांनी केली आणि ती ऐकण्याजोगी आहे. माझा वाद यांच्याशी नाही.

माझा वाद आहे तो न पाहणाऱ्यांशी. आणि येथे एक गोष्ट तितक्याच स्पष्टपणे सांगितली पाहिजे: एका ताऱ्याला उत्तर म्हणून ज्यांनी न पाहताच दहा तारे उधळले, तेही याच पंगतीला बसतात. पक्ष चांगला म्हणून खोटी साक्ष खरी होत नाही. आठवी आज्ञा शेजाऱ्याच्या विरुद्ध दिलेल्या साक्षीविषयी बोलते खरी, परंतु आपण जे पाहिले नाही ते पाहिल्यासारखे सांगणे, हे स्तुतीसाठी असो वा निंदेसाठी, खोटेपणाच्याच कुळातले आहे. धर्मशिक्षण-ग्रंथाने याच आज्ञेखाली अविचारी निर्णयाचा दोष मांडला आहे: पुरेसा आधार नसताना शेजाऱ्याच्या माथी नैतिक अपराध मारणे. असा दोष करणाऱ्याच्या हाती आता यंत्र आले आहे, एवढाच काय तो फरक.

हे यंत्रही निर्दोष नाही. २०१९ च्या फेब्रुवारीत, 'कॅप्टन मार्व्हल' हा चित्रपट प्रदर्शित होण्यापूर्वीच त्याच्यावर प्रतिकूल शेऱ्यांचा मारा झाला, तेव्हा रॉटन टोमॅटोज या संकेतस्थळाने प्रदर्शनापूर्वी शेरे देण्याची सोयच बंद केली. म्हणजे तोवर कोणीही न पाहिलेल्या चित्रपटाविषयी लिहिण्याची मुभा तेथे राजरोस होती! आयएमडीबी सरळ सरासरी न देता भारित सरासरी देते, ती याचसाठी. पण दुकानाने काट्यात सुधारणा केली म्हणून गिऱ्हाईकाचा अंगठा तराजूवर ठेवण्याचा मोह जात नाही.

त्यांचा एक युक्तिवाद मात्र तपासण्यासारखा आहे. ते म्हणतात, सुपरहिरो सर्वांचा असतो, त्याच्या कथेत धर्म कशाला? हे ऐकायला उदार वाटते. पण मग मला 'डेअरडेव्हिल' आठवते. एप्रिल २०१५ मध्ये नेटफ्लिक्सवर आलेल्या त्या मालिकेचा नायक मॅट मर्डॉक हा न्यूयॉर्कचा आंधळा वकील, आणि तो कॅथलिक आहे. पहिल्याच भागात तो प्रायश्चित्तासाठी धर्मगुरूपुढे बसलेला दिसतो. पुढे त्या धर्मगुरूशी त्याचे पाप, क्रोध आणि सैतान यांविषयी लांबलचक संवाद आहेत. तिसऱ्या पर्वात तर त्याची आई एक धर्मभगिनी असल्याचे उघड होते. डोक्यावर सैतानाची शिंगे घालून मारामारी करणाऱ्या कॅथलिकाविषयी खरे तर आपणच काही हरकत घ्यायला हवी होती! कोणी घेतली? धर्म लादला जात आहे, अशी ओरड करून त्या मालिकेला एका ताऱ्याच्या राशीखाली कोणी गाडले? उलट तिचे कौतुक झाले. आपल्याही तरुणांनी ती अभिमानाने एकमेकांना दाखवली. तेव्हा आक्षेप धर्माला नाही. आक्षेप विशिष्ट धर्माच्या माणसाने पडद्यावर सज्जन असण्याला आहे, आणि तो उदारपणाचा अंगरखा घालून आलेला आहे.

येथेच आपला संबंध येतो. पडद्यावर एकाच रूपात दिसणे म्हणजे काय, हे या देशातील ख्रिस्ती माणसाला कोणी शिकवायला नको. 'बॉबी' १९७३ चा. त्यातील जॅक ब्रॅगान्झा हा गोव्याचा कोळी, मनाचा मोठा, पण हातातून बाटली सुटत नाही. 'ज्युली' १९७५ चा; वडील रेल्वेचे इंजिनचालक आणि मद्यपी. १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी' मधला अँथनी धर्मगुरूच्या छायेत वाढला, तरी त्याचा धंदा दारूच्या गुत्त्याचा. ही पात्रे प्रेमळ आहेत, गाणी गोड आहेत, मीही ती ऐकतो. परंतु एका पिढीने शेजाऱ्यांच्या तोंडून 'तुमच्यात काय, दारू चालतेच' हे वाक्य ऐकत दिवस काढले, ते याच पडद्याच्या कृपेने. पहाटे उठून वाडीला शिंपण करणारा, मुलांच्या शिक्षणासाठी भाजीची टोपली डोक्यावरून वाहणारा ख्रिस्ती शेतकरी त्या पडद्यावर आला नाही. उद्या कोणी त्याच्यावर मालिका काढली, आणि पहिला भाग संपण्याच्या आतच हजारो अनोळखी लोकांनी 'हे मिशनऱ्यांचे कारस्थान' म्हणून तिच्यावर एकेक तारा फेकला, तर आपल्याला कसे वाटेल? त्या आईबापांना, त्या कमलाच्या वयाच्या मुलींना २०२२ च्या जूनमध्ये तसे वाटले.

आणि आपले अंगण तरी कितपत झाडलेले आहे? मे २००६ मध्ये 'द दा विंची कोड' हा चित्रपट भारतात यायचा होता. मुंबईत निदर्शने झाली, उपोषणांच्या घोषणा झाल्या, आणि बहुतेकांनी तो चित्रपट पाहिलेला असणे शक्यच नव्हते, कारण तो अजून आलाच नव्हता. अखेर ही कथा काल्पनिक असल्याचा खुलासा जोडून तो प्रौढांसाठी संमत झाला. काही राज्यांनी तरीही बंदी घातली, त्यांत आपला गोवाही होता. आंध्र प्रदेशातील बंदी तेथील उच्च न्यायालयाने रद्द केली. त्या कादंबरीत ख्रिस्तसभेविषयी धडधडीत खोटे आहे, यात मला शंका नाही. पण खोट्याला उत्तर देण्यासाठी ते आधी वाचावे लागते. ज्यांनी वाचून लेख लिहिले, धर्मग्रामांत व्याख्याने दिली, त्यांनी काम केले. ज्यांनी फलक धरले त्यांनी तिकीटबारीला मदत केली.

कोणी म्हणेल की ख्रिस्तसभेनेच कधी काळी निषिद्ध ग्रंथांची यादी ठेवली होती, मग हा धर्मगुरू कोणत्या तोंडाने बोलतो? होय, यादी होती, आणि १९६६ साली ती बाद झाली हे बरेच झाले. परंतु त्या यादीच्या कडक काळातही रोममधील परीक्षकाला ग्रंथ वाचून आपला लेखी अभिप्राय सादर करावा लागे. अमेरिकेत १९३४ च्या सुमारास जी 'लीजन ऑफ डीसेन्सी' उभी राहिली, जिच्यासाठी भाविक दर डिसेंबरात चर्चमध्ये प्रतिज्ञा घेत, तिच्या वतीने चित्रपटांची प्रतवारी करणारेही चित्रपट पाहूनच ती करीत. त्यांचे निर्णय पुष्कळदा संकुचित होते. त्या प्रतिज्ञेने सामान्य भाविकाला दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहण्याची सवय लावली, हा तिचा मोठा दोष. तरी त्या सगळ्या व्यवस्थेत निदान कोणीतरी एकाने पाहिलेले असे. आजच्या एका ताऱ्याच्या न्यायासनापुढे तेवढीही अट नाही. डिसेंबर १९६३ मध्ये व्हॅटिकन परिषदेने संपर्कमाध्यमांवरील आपल्या हुकूमनाम्यात वाचक, प्रेक्षक आणि श्रोते यांच्यावर स्वतंत्र कर्तव्ये सोपवली. स्वतः माहिती करून घेऊन निवड करणे हे त्यांतील एक. साठ वर्षे उलटून गेली, आपण ते किती घरांत पोहोचवले?

त्याच २०२२ सालच्या ऑगस्टमध्ये आपल्याकडे 'लालसिंग चढ्ढा' या चित्रपटावर बहिष्काराची लाट आली. ११ ऑगस्टला तो प्रदर्शित झाला. त्याच्या कितीतरी आधीपासून, आमिर खान यांच्या २०१५ मधील एका जुन्या वक्तव्याचे निमित्त करून, न पाहण्याचे आवाहन फिरत होते. ते आवाहन पुढे पाठवणाऱ्यांत आपल्या धर्मग्रामांच्या गटांतील बोटेही होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. चित्रपट वाईट असेल. न आवडण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे. पण तेथेही निकाल चित्रपटाचा लागलाच नाही, माणसाचा लागला, आणि माणसाच्याही फक्त नावाचा.

योहानाच्या शुभवर्तमानात नथनेल नाझरेथ या गावाच्या नावावरूनच निकाल देऊन मोकळा होतो. फिलिप त्याच्याशी वाद घालीत बसत नाही, त्याला स्वतः येऊन पाहायला सांगतो. नथनेलाचा मोठेपणा असा, की तो उठून गेला.

पाकिस्तानात तेव्हा डिस्ने प्लसची सेवा नव्हती. म्हणून तेथे ही मालिका दोन-दोन भाग जोडून चित्रपटगृहांत दाखवण्यात आली. लोक तिकीट काढून गेले. कोणाला कराचीचे चित्रण बाळबोध वाटले, कोणाला फाळणीचा प्रसंग पाहून आजी आठवली. बऱ्या-वाईट दोन्ही प्रतिक्रिया आल्या, आणि त्या देणारा प्रत्येक जण अंधारात, पडद्यासमोर, दीड-दोन तास बसून आलेला होता.