लघवीची तक्रार लपवू नये



ह्या पानावर आज भातावरील करपा रोगाविषयी लिहावयाचे होते. ते पुढील अंकी. आजचा विषय चर्चच्या पत्रिकेत शोभत नाही असे काहींना वाटेल. पण तो आजवर न लिहिल्याचे ओझे आमच्या मनावर आहे.

आमच्या धर्मग्रामातील एक शेतकरी, वय अडुसष्ट, नेहमी वेदीजवळच्या दुसऱ्या बाकावर बसत. पुढे ते दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसू लागले आणि प्रवचन चालू असताना उठून बाहेर जाऊ लागले. म्हातारपणी ह्यांची भक्ती ओसरली असे आम्ही समजलो, आणि एकदा तसे बोलूनही दाखविले. ते खाली मान घालून गेले. असे दोन वर्षे चालले. २०२३ च्या जुलैत, रोप लावणीच्या दिवसांत, त्यांनी सर्दीसाठी दुकानातून गोळी आणून घेतली आणि त्या रात्री लघवी अजिबात बंद झाली. पहाटे टेंपोत घालून बेळगावला नेले. नळी घातल्यावर सव्वा लिटर लघवी निघाली. एरवी चारशे-पाचशे मिलिलिटर साठली तरी माणसाला बसवत नाही. मूत्रपिंडे सुजली होती. आज ते हिंडते-फिरते आहेत, पण मूत्रपिंडे पूर्ववत झाली नाहीत. वेळेवर गेले असते तर बहुधा गोळ्यांवर भागले असते.

पुरुषाच्या मूत्राशयाच्या तोंडाशी प्रोस्टेट नावाची ग्रंथी असते. तरुणपणी साधारण अक्रोडाएवढी. लघवीची वाट तिच्या मधूनच जाते. वयाबरोबर ही ग्रंथी वाढते. साठीपुढे निम्म्याहून अधिक पुरुषांत ती वाढलेली असते. हे पाप नव्हे, तरुणपणच्या कोणत्या वर्तनाचे फळ नव्हे, आणि बहुतेकांच्या बाबतीत कर्करोगही नव्हे. पाटाचे तोंड बुजले की पाणी मागे तुंबते आणि बांध खचतो, हे शेतकऱ्याला आम्ही काय सांगावे? सर्दीच्या कित्येक गोळ्यांत नाक मोकळे करणारे औषध असते, ते हेच तोंड आणखी आवळते. लग्नाघरची दारू व लांबच्या प्रवासात लघवी दाबून ठेवणे, ह्यांनीही हाच घात होतो.

रात्री तीन-चार वेळा उठावे लागणे, धार बारीक होणे, जोर करावा लागणे, करून आल्यावरही उरल्यासारखे वाटणे, ही लक्षणे दिसताच जावे. पाणी तोडून त्रास लपवू नये. उन्हात राबणाऱ्याने पाणी तोडले तर खड्यांना आमंत्रणच. संध्याकाळनंतर थोडे कमी प्यावे, इतकेच.

तपासणीची भीती मोठी, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. लघवीची व रक्ताची तपासणी होते. रक्तातील क्रिएटिनिनवरून मूत्रपिंडाचे काम कळते. सोनोग्राफीला मूत्राशय भरलेले ठेवून जावे. मग लघवी करून पुन्हा पाहतात, म्हणजे आत किती उरते ते समजते. दुसऱ्या एका तपासणीत यंत्राला जोडलेल्या भांड्यात लघवी करावयाची, यंत्र धारेचा वेग मोजते. पी. एस. ए. ही रक्ततपासणी वाढलेली आली म्हणून घरात रडारड करू नये. लघवीत जंतू झाले तरी ती वाढते. डॉक्टर गुदद्वारातून बोटाने ग्रंथी तपासतात. ह्याचीच आमच्या लोकांना अधिक लाज. पण काम अर्ध्या मिनिटाचे, आणि त्यांना ते रोजचेच. दुर्बीण घालून पाहिले तर एक-दोन दिवस जळजळ होते, लघवी किंचित गुलाबी होते. पाणी भरपूर पीत राहावे.

गोळ्या सुरू झाल्यावर अंथरुणातून एकदम उठू नये, चक्कर येते. मोतीबिंदूचे ऑपरेशन ठरले तर ह्या गोळ्या चालू असल्याचे डोळ्यांच्या डॉक्टरांना आधीच सांगावे.

गोळ्यांनी भागले नाही तर दुर्बिणीचे ऑपरेशन. पोटावर चिरा नाही. बहुधा पाठीत इंजेक्शन देऊन कमरेखालचा भाग बधिर करतात. रक्त पातळ करण्याची गोळी घेत असाल तर आधी सांगावे, स्वतःच्या मनाने बंद करू नये. नंतर काही दिवस नळी राहते. पिशवी कमरेच्या खाली टांगावी, जमिनीवर ठेवू नये, नळीला पीळ पडू देऊ नये. घरी आल्यावर दहा-बारा दिवसांनी पुन्हा थोडे रक्त दिसू शकते. पाणी पिऊन विश्रांती घेतली की बहुधा थांबते. मात्र रक्ताच्या गाठी पडल्या, थंडी वाजून ताप आला किंवा लघवी अडली, तर रात्र काढू नये, लगेच निघावे. महिना-दीड महिना पोते उचलणे, सायकल, ट्रॅक्टर बंद. शौचाला जोर करावा लागू नये असे अन्न घ्यावे. काही आठवडे लघवीची घाई होऊन कपडे ओले होतील. अशा वेळी सुना-नातवंडांनी तोंड वाकडे करू नये. संसारसुखाच्या वेळी वीर्य बाहेर न येता मूत्राशयात जाते, हेही पतिपत्नींनी डॉक्टरांना आधीच विचारून घ्यावे. आम्ही धर्मगुरू हे लिहितो ह्याचे कोणाला आश्चर्य वाटल्यास वाटो.

आता आमचे मत. दोष केवळ लाजणाऱ्या म्हाताऱ्यांचा नाही. दुःख प्रभूला अर्पण करा असे आम्हीच वर्षानुवर्षे शिकविले, आणि औषध असलेले दुखणेही लोक त्याच खात्यात जमा करू लागले. टाळता येत नाही ते अर्पण करावे; टाळता येते त्यासाठी पहिल्या बसने बेळगाव गाठावे. सिराखच्या ग्रंथाचा अडतिसावा अध्याय वैद्याचा मान राखावयास सांगतो, पण त्यावर आम्ही किती प्रवचने केली? बायकोला हे दुखणे ठाऊक असते. पण कोणाला सांगशील तर बघ, असा तिला धाक. मुलांनीच आता बापाला रात्री किती वेळा उठता असे विचारावे.

आणखी एक कबुली द्यावयाची आहे. रविवारी चर्चमागच्या मुतारीला कुलूप असे, आणि किल्ली आमच्या खोलीत. त्या गृहस्थांना मिस्सा चालू असताना शेजारच्या काजूच्या बागेत जावे लागे, हे त्यांच्या पत्नीने आम्हाला दवाखान्यात सांगितले. आता मिस्सेच्या अर्धा तास आधी कुलूप काढले जाते, आणि ते गृहस्थ पुन्हा दुसऱ्या बाकावर बसतात.