‘वेबसाइटवर टाकलं होतं की!’

आमच्या शेजारच्या काकूंची घरपट्टी यंदा जवळपास दुप्पट झाली. घरात एक खोलीसुद्धा वाढलेली नाही. त्या नगरपालिकेत विचारायला गेल्या, तर टेबलावरचा कर्मचारी म्हणाला, "मावशी, हरकतीची मुदत संपली. नोटीस वेबसाइटवर टाकली होती की!" काकू तडक माझ्याकडे. "तू वेबसाइटचीच कामं करतोस ना रे? मग दाखव बरं, कुठे टाकलीय ती."

पहिल्यांदा गूगलवर शोधलं. गावाचं नाव, घरपट्टी, हरकत, सगळं उलटसुलट टाकून पाहिलं. काही नाही. मग थेट साइटवर गेलो. ‘सूचना’ विभागात एका पानावर दहा सूचना, नवी वर, जुनी खाली. निविदा, शुद्धिपत्रक, मुदतवाढ, परत निविदा. खाली ‘पुढे’ नावाचं बटण. ते दाबत दाबत गेलो, सातव्या पानावर नोटीस सापडली. म्हणजे कर्मचारी खोटं बोलत नव्हता. नोटीस होती. फक्त कुणाला सापडणार नाही अशी होती.

काकूंना लिंक व्हॉट्सॲपवर पाठवली. त्यांनी उघडली तर पहिलंच पान! कारण सातव्या पानाला स्वतःचा पत्ताच नाही. ‘पुढे’ दाबलं की खालची यादी बदलते, वरचा पत्ता तोच राहतो. नोटिशीलाही वेगळं पान नाही, छोट्या खिडकीत स्कॅन केलेला फोटो उघडतो.

इथेच सगळी मेख आहे. गूगलचा रोबो आपल्यासारखी बटणं दाबत बसत नाही. तो एका लिंकवरून दुसऱ्या लिंकवर जातो. पानाला पत्ता नाही, पत्त्याकडे नेणारी लिंक नाही, म्हणजे त्याच्या लेखी ते पानच नाही. नव्या निविदा येत गेल्या, नोटीस मागे सरकत गेली, आणि पहिल्या पानावरून उतरली तशी ती शोधणाऱ्यांच्या नजरेतूनही उतरली.

दुसऱ्याला नावं ठेवण्याआधी माझी स्वतःची चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी एका ग्रंथालयाची साइट केली होती. पुस्तकांची यादी पन्नासेक पानांची. सगळी पानं सारखीच दिसतात, गूगलला नक्कल वाटेल, या भीतीने मी प्रत्येक पानाच्या कोडमध्ये ‘मूळ पान म्हणजे पहिलं पान’ अशी खूण टाकली. आमच्या धंद्यात तिला कॅनॉनिकल टॅग म्हणतात. झालं! पान दोनपासून पुढची सगळी पुस्तकं शोधातून गायब. दुसऱ्या पानावर वेगळी पुस्तकं आहेत, ते पहिल्याची नक्कल नाहीच, ही साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही. प्रत्येक पानाने स्वतःलाच मूळ म्हणायचं असतं.

बरं, यात फार मोठी विद्या आहे असंही नाही. २०११ साली गूगलने ‘मागचं पान’, ‘पुढचं पान’ अशा खुणा कोडमध्ये टाकायला सांगितल्या. आम्ही सगळ्यांनी इमानेइतबारे टाकल्या. मार्च २०१९ मध्ये गूगलनेच सांगितलं की त्या खुणा आम्ही बऱ्याच काळापासून वापरतच नाही. म्हणजे टिकलं काय? साधी, डोळ्यांना दिसणारी लिंक. १, २, ३, ४ असे आकडे आणि प्रत्येकाचा वेगळा पत्ता.

यावर कुणी म्हणेल, गूगलमध्ये दिसावं ही नगरपालिकेची जबाबदारी आहे का? नोटीस फलकावर लावतात, पेपरात देतात. मान्य. पण मग वेबसाइटचं नाव पुढे करून लोकांना परत पाठवू नका. आणि माहिती अधिकार कायदा २००५ चं कलम ४ वाचा. लोकांना अर्ज करायची वेळच येऊ नये, इतकी माहिती कार्यालयांनी आपणहून, इंटरनेटसकट वेगवेगळ्या मार्गांनी द्यावी आणि ती सहज मिळेल अशा स्वरूपात द्यावी, असं तिथे स्पष्ट आहे. सातव्या पानावरचा फोटो ‘सहज’ कसा?

मागणी मोठी नाही. पहिलं, प्रत्येक सूचनेला स्वतःचं पान, त्यावर मराठीत टाइप केलेला मथळा, तारीख आणि मजकूर. स्कॅन खाली जोडा हवं तर. दुसरं, यादीच्या प्रत्येक पानाला वेगळा पत्ता आणि तिथे नेणारी साधी लिंक. तिसरं, निविदा एकीकडे आणि नागरिकांच्या सूचना दुसरीकडे. ज्या नोटिशीची मुदत चालू आहे ती मुदत संपेपर्यंत वरच राहू द्या. हे करायला नवी साइट लागत नाही की लाखांचं टेंडर लागत नाही. साइट सांभाळणाऱ्याचं काही दिवसांचं काम आहे.

उलट काही बातम्यांच्या साइट बघा. एकच बातमी, पण जाहिराती दाखवायला तिचे दहा तुकडे. तिथे वाचक ‘पुढे वाचा’ दाबून वैतागतो. म्हणून नियम सोपा ठेवा. एक मजकूर असेल तर एका पानावर, लांबलचक यादी असेल तर पानं पाडा, पण प्रत्येक पानाला पत्ता द्या.

काकूंनी उशिरा का होईना, लेखी अर्ज दिलाय. काय होईल माहीत नाही. अर्जात त्यांनी एक ओळ स्वतःहून घातली : ‘नोटीस सातव्या पानावर होती, मी पहिलं पान वाचलं होतं.’

तुम्ही आज एवढंच करा. आपल्या नगरपालिकेची किंवा ग्रामपंचायतीची साइट उघडा, सूचनांच्या दुसऱ्या पानावर जा आणि वरचा पत्ता बदलतो का बघा. बदलत नसेल तर मुख्याधिकाऱ्यांना, ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना चार ओळींचा अर्ज द्या. काय दिसलं ते खाली लिहा. पुढची मुदत कदाचित तुमच्या घराची असेल.