विषाद म्हणजे आळस नव्हे

शब्दांचा घोटाळा ही व्याकरणकारांच्या चिंतेची बाब, असें सामान्यतः समजलें जातें. पण कांहीं शब्दांचा घोटाळा माणसाच्या जिवावर बेततो. विषाद आणि आळस हे दोन शब्द त्या जातीचे आहेत. घरांतील मुलगा, सून वा वृद्ध वडील, कोणीही आठ-पंधरा दिवस अंथरुणावरून उठेनासें झालें, बोलेनासें झालें, जेवणावरची वासना उडाली, कीं आमच्या सुशिक्षित कुटुंबांत निदान तयार असतें : 'अंगांत आळस भरला आहे.' निदानापाठोपाठ चिकित्साही येते. पहांटे उठवा, गार पाण्यानें आंघोळ घाला, सूर्यनमस्कार घालायला लावा, एक वेळचें जेवण तोडा. आणि उदासी व सुस्ती या दोहोंवर रामबाण म्हणून जाहिरातींत झळकणारी ब्राह्मीची किंवा अश्वगंधेची गोळी दुधाबरोबर द्या. या सर्व व्यवहारास आयुर्वेदाचें नांव दिलें जातें. आमचें म्हणणें एवढेंच कीं, हा व्यवहार आयुर्वेदाच्या मूळ ग्रंथासच मान्य नाहीं.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानांतील विसावा अध्याय उघडून पाहावा. त्यांत एकेका दोषापासून होणाऱ्या विकारांच्या याद्या दिल्या आहेत : वाताचे ८०, पित्ताचे ४० आणि कफाचे २०. यांपैकीं विषाद कोठें आहे? वाताच्या यादींत, आणि त्याच यादींत निद्रानाश व चित्ताची अस्थिरता हींही आहेत. आळस कोठें आहे? कफाच्या यादींत, तंद्रा, अतिनिद्रा आणि अंगाचें जडपण यांच्या पंक्तीला. ज्या ग्रंथकारानें हीं दोन दुखणीं अशीं दोन घरांत बसविलीं, त्याच्याच नांवानें आम्ही तीं एका खोलींत कोंडलीं आहेत.

हा केवळ याद्यांचा वाद असता, तर तो पंडितांवर सोपवून स्वस्थ बसतां आलें असतें. पण यादी बदलली कीं चिकित्सा बदलते, किंबहुना उलट होते. कफावर रूक्ष, तीक्ष्ण आणि उष्ण उपाय. त्यावर लंघन चालतें, व्यायाम चालतो, झोप कमी केलेली चालते. वातावर मात्र स्नेह, ऊब, अभ्यंग, बस्ति, स्निग्ध अन्न आणि विश्रांति. इतकेंच नव्हे, तर उपवास, अतिश्रम, जागरण, थंडी, चिंता आणि शोक हीं वात वाढविणारीं कारणें म्हणून चरकानें मोजलीं आहेत. आतां वरील घरगुती चिकित्सा पुन्हा एकवार वाचावी. विषण्ण माणसास उपाशी ठेवणें, पहांटेच्या थंडींत उठविणें आणि वर चार शब्द लावून त्याचा शोक वाढविणें, ही रोग बरा करण्याची नव्हे, रोग वाढविण्याची कृति आहे. आणि हें आम्ही पाश्चात्य वैद्यकाच्या आधारानें नव्हे, तर चरकाच्याच आधारानें म्हणत आहों.

वात-कफांची परिभाषा आजच्या शरीरशास्त्रास मान्य नाहीं, हें आम्हांस ठाऊक आहे. पण परिभाषा बाजूला ठेवली तरी निरीक्षण शिल्लक राहतेंच. खिन्नतेनें गळलेला माणूस आणि सुखवस्तुपणानें सुस्तावलेला माणूस हे बाहेरून सारखे दिसले तरी आंतून भिन्न असतात, हें त्या जुन्या वैद्यांनीं ओळखलें होतें. दुसऱ्याला उठावयाचें नसतें. पहिल्याला उठावेंसें वाटत असूनही उठतां येत नाहीं, आणि उठतां येत नाहीं याचीच त्याला लाज वाटत असते. अशा माणसास आळशी म्हणणें म्हणजे बुडणाऱ्यास पोहण्याचा कंटाळा आला आहे असें म्हणणें होय.

यावर कोणी आक्षेप घेतील कीं, कित्येक विषण्ण माणसें दिवसचे दिवस झोपतात आणि त्यांचें अंगही जड झालेलें असतें; मग भेद राहिला कोठें? आक्षेप खरा आहे. विषादाचा असाही एक प्रकार आजचें मानसवैद्यक मानतें. पण त्यामुळें परीक्षेची गरज वाढते, नाहींशी होत नाहीं. दुसरा आक्षेप असा कीं, व्यायामानें मन प्रसन्न होतें. हेंही खरें, नियमित चालणें-फिरणें विषादांत उपयोगी पडतें, असें अलीकडच्या प्रयोगांनींही दाखविलें आहे. पण सुश्रुतानें व्यायाम अर्ध्या बळानेंच करावा असें सांगितलें आहे. ज्याच्या अंगीं आज अंगणापर्यंत जाण्याचें बळ आहे, त्याचें अर्धें बळ म्हणजे उंबरठा. त्याचा हात धरून उंबरठ्यापर्यंत नेणें हा उपचार. पन्नास नमस्कारांचा हुकूम सोडणें ही शिक्षा.

आणि जिला आम्ही सुस्ती म्हणतों, ती तरी प्रत्येक वेळीं सुस्ती असते काय? चरकानें पांडुरोगाचें वर्णन करतांना थकवा, दुर्बलता आणि उत्साहाचा लोप हीं लक्षणें दिलीं आहेत, आणि त्यावर लोहाचे कल्पही सांगितले आहेत. २०१९ ते २०२१ या काळांत झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत १५ ते ४९ वर्षांच्या भारतीय स्त्रियांपैकीं ५७ टक्के स्त्रियांत रक्त कमी आढळलें. आमच्या घरांतील 'आळशी' सुनांपैकीं कितीजणी पांडुरोगी आहेत, याचा हिशेब कोणत्या सासूनें केला आहे? कंठग्रंथीचा स्राव मंदावला, म्हणजे ज्याला थायरॉइडचा विकार म्हणतात तो जडला, तरी अंग जड होतें, झोप वाढते, मन खिन्न होतें. हा निवाडा रक्ताच्या एका साध्या तपासणीनें होतो. ती करण्याआधीं विशेषण बहाल करणारा माणूस वडीलधारा असेल, पण वैद्य खास नव्हे.

मनाच्या चिकित्सेविषयीं तर चरकाची दृष्टि आमच्यापेक्षां पुष्कळच उदार आहे. मंत्र, होम इत्यादि दैवी उपाय आणि आहार-औषधांचे युक्तीचे उपाय यांच्या जोडीला त्यानें तिसरा उपाय सत्त्वावजय म्हणून सांगितला : अहितकर विषयांपासून मनास आवरणें. उन्मादाच्या चिकित्सेंत मित्रांनीं चांगल्या शब्दांनीं रोग्यास धीर द्यावा, असेंही तो सांगतो. त्याच अध्यायांत धाक दाखविण्याचे आणि ताडनाचेही उपाय आहेत, हें लपविण्याचें कारण नाहीं. ते आज सर्वस्वीं त्याज्य आहेत. खेद याचा कीं, आम्ही त्या अध्यायांतून धीर टाकून दिला आणि धाक तेवढा उचलला.

या कठोरपणास धर्माचा आणि संतांचा आधार शोधणारेही भेटतात. गीतेंत श्रीकृष्णानें अर्जुनाची कानउघाडणी केली ना, असें ते विचारतात. केली, पण ती दुसऱ्या अध्यायाच्या आरंभीं दोन श्लोकांत आटोपते, आणि समजूत घालणें पुढें अठराव्या अध्यायापर्यंत चालतें. शिवाय पहिल्या अध्यायास परंपरेनें 'अर्जुनविषादयोग' हें नांव दिलें, 'अर्जुनालस्ययोग' असें दिलें नाहीं. समर्थांनीं दासबोधांत आळसावर कोरडे ओढले, हेंही खरें. पण त्याच समर्थांनीं करुणाष्टकें लिहिलीं. आळशाला झोडपणाऱ्या पुरुषाला स्वतःच्या मनाची तळमळ ठाऊक होती, आणि तिला त्यानें आळस म्हटलें नाहीं.

राहिली गोळी. वनस्पति म्हणजे निरुपद्रवी, हा आमच्या वर्गाचा लाडका समज. त्याला सर्पगंधेचें उदाहरण पुरेसें आहे. १९३१ सालीं गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनीं उन्माद आणि रक्तदाब यांवरील या मुळीच्या उपयोगाविषयीं लेख प्रसिद्ध केला. १९४९ सालीं मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनीं रक्तदाबावरील तिचा गुण ब्रिटिश हार्ट जर्नलमध्यें मांडला, आणि १९५२ सालीं तिच्यांतून रेसर्पिन हें द्रव्य वेगळें करण्यांत आलें. आयुर्वेदाचा तो मोठाच गौरव होता. परंतु लवकरच तें घेणाऱ्या कांहीं रोग्यांत गाढ विषण्णता आढळल्याच्या नोंदी होऊं लागल्या. त्या संबंधाविषयीं पुढें मतभेद झाले, तरी धडा कायम आहे : जें औषध गुण करूं शकतें, तें अपायही करूं शकतें. अश्वगंधेवर ताण आणि झोप यांसंबंधीं लहानसहान प्रयोग झाले असून कांहींचे निष्कर्ष आशादायकही आहेत. पण तिच्या सेवनानंतर यकृतास इजा झाल्याच्याही, क्वचित् कां होईना, नोंदी आहेत. जाहिरातींत यांतील पहिलें वाक्य असतें, दुसरें नसतें. आणि विषाद व आळस या दोहोंवर एकच गोळी देणाऱ्या विक्रेत्यानें चरकाचा विसावा अध्याय वाचलेला नाहीं, किंवा वाचून गिऱ्हाइकापासून लपविलेला आहे.

२०१५-१६ सालच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीप्रमाणें निरनिराळ्या मनोविकारांत ७० ते ९२ टक्के रोगी उपचारावांचून राहतात. याला वैद्यांची टंचाई आणि पैशाची अडचण हीं कारणें आहेतच. पण ज्या घरांत पैसा आहे, शहर आहे, ग्रंथ आहेत, तेथेंही रोगी उपचारावांचून राहतो, तो एका शब्दामुळें. आळशी म्हटलेला माणूस वैद्याकडे जात नाहीं. तो अपराधी होतो, आणि अपराध्यासारखा एकटा पडतो. त्या एकांतांतून कित्येक तरुण परतलेले नाहींत, हें सांगण्यास कोणत्याही महाविद्यालयाचें हजेरीपुस्तक पुरे आहे.

म्हणून मागणें मोठें नाहीं. दोन आठवडे घरांतल्या माणसाची झोप, भूक आणि हौस नाहींशी झाली, तर त्याला डॉक्टरांकडे न्यावें. जिवावर उदार झाल्याचा एक शब्द जरी त्याच्या तोंडून निघाला, तर दोन दिवसही थांबूं नये. चालू असलेलें औषध कोणाच्या सांगण्यावरून एकाएकीं बंद करूं नये. आयुर्वेदावर श्रद्धा असेल, तर रोग्याची परीक्षा करणाऱ्या आणि वेळ पडल्यास त्याला मानसरोगतज्ज्ञाकडे पाठविणाऱ्या वैद्याकडे जावें, जाहिरातीकडे नव्हे. आणि यांतलें कांहींच जमत नसेल, तर निदान तो एक शब्द तरी तोंडांतून काढूं नये.