हात लावला नाही, तरी ऑर्डर मोडली!

सिनेमात कसं, जजसाहेब हातोडा आपटतात, व्हिलनला बेड्या पडतात आणि पिक्चर संपतो! घरातल्या मारहाणीच्या केसमध्ये मात्र बाईच्या हातात आधी पडतात ते स्टेपल केलेले चार कागद. कोर्टाची ऑर्डर. आणि खरी स्टोरी तिथूनच सुरू होते.

माझी एक मैत्रीण कांजूरमार्ग ईस्टला राहते, ऑफिस पवईत. ऑर्डर मिळाल्यावर नवरा दुसरीकडे राहायला गेला. मारहाण थांबली. पण रोज संध्याकाळी स्वारी तिच्या ऑफिसच्या गेटवर हजर! रात्री दोनला व्हॉट्सअ‍ॅप, 'सॉरी', 'मिस यू'. ती म्हणते, "हात तर लावत नाही ना आता. पोलिसांना सांगू तरी काय?"

मी म्हटलं, बाई गं, आधी ऑर्डर वाच!

कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा २००५चा, लागू झाला २६ ऑक्टोबर २००६ला. लग्नाच्या बायकोसारखाच तो लग्नासारख्या लिव्ह-इन नात्यातल्या मुलीलाही लागू होतो. त्यातल्या 'संरक्षण आदेशा'त कोर्ट समोरच्याला बऱ्याच गोष्टींची बंदी घालू शकतं. मारहाण तर नाहीच, पण तिच्या ऑफिसात जायचं नाही, फोन, मेल, मेसेज करायचा नाही, जॉइंट अकाउंट किंवा लॉकरला हात लावायचा नाही, तिच्या घरच्यांना त्रास द्यायचा नाही. 'निवास आदेशा'त त्याला घराबाहेर राहायला सांगता येतं. खर्चाचे पैसे तो देत नसेल, तर त्याच्या पगारातून कापून थेट तिला द्या, असं कोर्ट त्याच्या कंपनीलाही सांगू शकतं!

पण प्रत्येक ऑर्डरमध्ये हे सगळं असतंच असं नाही. कोर्टाने जे लिहिलंय तेवढंच चालतं. म्हणून एकेक ओळ वाचायची. मैत्रिणीच्या ऑर्डरमध्ये स्पष्ट लिहिलं होतं, कोणत्याही प्रकारे संपर्क करायचा नाही. म्हणजे तो 'मिस यू'सुद्धा बंदीतच!

आणि संरक्षण आदेश मोडणं हा वेगळा गुन्हा आहे, बरं का. एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. साक्षीदार कुठून आणू, ही भीतीही नको. तिच्या एकटीच्या साक्षीवरही कोर्ट निष्कर्ष काढू शकतं.

छळाची फौजदारी केस हा वेगळा ट्रॅक. पूर्वीचं ४९८-अ, १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहितेतलं कलम ८५. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. पण गुन्हा सिद्ध झाला की आरोपी आत जाईलच असं नाही. १९५८च्या प्रोबेशनच्या कायद्याखाली कोर्ट त्याला चांगल्या वर्तणुकीच्या बाँडवर सोडू शकतं, जास्तीत जास्त तीन वर्षांसाठी. सोबत प्रोबेशन ऑफिसरची देखरेखही लावता येते. तो सुटून आलेला दिसला, तर कोर्टात नेमकं काय ठरलं आणि कोणत्या अटींवर, ते वकिलाला नक्की विचारा.

सगळ्यात घोळ होतो तो 'आपसात मिटवू'मध्ये. सासूबाई येतात, मामा येतात, चहा होतो, तो परत राहायला येतो. पण चहाने ऑर्डर रद्द होत नाही! संरक्षण आदेश तिने स्वतः कोर्टात अर्ज करेपर्यंत चालू राहतो. परिस्थिती बदलली म्हणून तोही अर्ज करू शकतो, पण निर्णय कोर्टाचाच.

तेव्हा मैत्रिणींनो, ऑर्डरची कॉपी तुम्हाला फुकट मिळायलाच हवी, पोलीस स्टेशनलाही जायला हवी. गेलीय का, ते विचारून घ्या. एक फोटो मोबाइलमध्ये, एक कॉपी विश्वासातल्या माणसाकडे. मेसेज डिलीट करू नका, तारीख-वेळ लिहून ठेवा. संरक्षण अधिकाऱ्याचा नंबर सेव्ह करा. धोका वाटला तर ११२, सल्ला हवा तर १८१.

आणि शेजारच्या घरात असं काही चाललं असेल तर 'आता मारत नाही ना?' असं विचारू नका. 'ऑर्डरमध्ये काय लिहिलंय?' हे विचारा.